सीडीवर नाव कोणाचं?

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूर पाहिलेली माणसंच यावेळी जास्त फसली. ‘तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं’ या हिशेबानं त्यांनी सामान वर चढवलं आणि पाणी थेट खिडकीतून आत आलं. ओसरल्यावर आमच्या बचत गटाच्या बायका घरोघरी चिखल काढायला जात होत्या. गावभागातल्या एका काकूंच्या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तर आत दोन अल्बम आणि सीड्यांनी भरलेली एक कापडी पिशवी. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. काकूंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. पिशवी मात्र मागून घेतली. म्हणाल्या, “त्यात ह्यांच्या साठीची सीडी आहे. तेवढी बघा गं कोणीतरी.”

काका जाऊन चार वर्षं झाली होती.

पिशवीत अठ्ठावीस सीड्या निघाल्या. आम्ही त्या स्वच्छ पाण्यात धुतल्या, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून. मऊ फडक्यानं मधल्या भोकाकडून कडेकडे पुसल्या, गोल गोल फिरवून नाही. आणि ताटाळ्यात उभ्या करून वाळत ठेवल्या. सीडीचं प्लास्टिक पाण्याला तसं घाबरत नाही. पण धुताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. ज्यांच्यावर कागदी स्टिकर लावले होते, त्या स्टिकरांचा लगदा झाला होता. ज्यांच्यावर प्रिंटरच्या शाईनं नाव छापलं होतं, त्यांतल्या बऱ्याच सीड्यांवर निळे-गुलाबी ढग तेवढे उरले होते. आणि कोणीतरी घाईघाईत साध्या मार्करनं ओढलेली चार अक्षरं होती तशीच होती.

एका सीडीवरचा सुजलेला स्टिकर मी नखानं सोडवायला गेले. त्याच्याबरोबर चंदेरी पापुद्राच निघून आला. सीडी उजेडाकडे धरली, तर त्या जागेतून पलीकडचं आवार दिसायला लागलं. स्टिकरची सोनेरी किनार पाहून काकूंनी ओळखलं. हीच ती साठीची.

माझ्या शेजारी बसून सीड्या पुसणाऱ्या, आमच्याच गटातल्या वहिनींचा चेहरा उतरला. “तो स्टिकर मीच लावलाय,” त्या हळूच म्हणाल्या. “२००७ साली. त्याचे वेगळे पन्नास रुपये घेतले होते.”

वहिनींचा तेव्हा घरातून चालणारा छोटासा धंदा होता. लोकांचे जुने फोटो स्कॅन करायचे, ओळीनं लावायचे, मागे गाणी घालायची आणि त्याचा स्लाइड शो करून सीडीवर द्यायचा. साखरपुडा, डोहाळजेवण, पहिला वाढदिवस, साठी, निवृत्तीचा समारंभ. दीडशे फोटो, प्रत्येकाला सहा सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं आणि साधारण तीन गाणी. मायक्रोसॉफ्टची मूव्ही मेकर आणि फोटो स्टोरी ही दोन्ही तेव्हा फुकटात मिळायची. सीडी रायटरबरोबर बहुतेक वेळा नीरो यायचं, त्यात लेबल काढायचीही सोय होती. स्वयंपाक आटोपून, मुलांचा अभ्यास घेऊन, रात्री दहानंतर त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या. भारनियमनाचे दिवस. सीडी लिहिता लिहिता वीज गेली की सीडी वाया. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मखरात दोन वर्षं ज्या चकाकत्या चकत्या लोंबत होत्या, त्या सगळ्या महावितरणच्या कृपेच्या.

काम उत्तम व्हायचं. पण पांढऱ्या कागदी पाकिटात नुसती कोरी सीडी दिली की गिऱ्हाईक पैसे देताना का-कू करायचं. “एवढीशी तर चकती आहे वहिनी, बाजारात बारा रुपयांना मिळते.” दोन रात्री जागून केलेलं काम त्या चकतीवर दिसत नव्हतं ना! मग त्यांनी चकचकीत स्टिकर लावायला सुरुवात केली. गोल कापलेल्या स्टिकरचे कागद मिळायचे, एका कागदावर दोन. त्यावर गणपती, सोनेरी किनार आणि ‘षष्ट्यब्दीपूर्ती सोहळा’ अशी मोठी अक्षरं. भाव करणं लगेच थांबलं. तीच सीडी, तेच फोटो, पण आता ती ‘केलेली वस्तू’ वाटायला लागली. यात वहिनींची चूक काय? घरातून काम करणाऱ्या बाईला आपल्या कामाची किंमत लोकांना दाखवून द्यावी लागते, सांगून कोणी ऐकत नाही. चूक झाली ती साधन निवडण्यात, आणि तेव्हा ते सांगायला कोणीच नव्हतं.

आपण सगळ्या सीडीची खालची, चमकणारी बाजू जपतो. बोट लागू देत नाही. वरची बाजू दणकट समजतो, तिच्यावर स्टिकर लावतो, बॉलपेननं लिहितो. खरं तर उलट आहे. सीडीची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि ती जवळजवळ सगळी प्लास्टिकची. ज्यात आपले फोटो लिहिले जातात तो रंगाचा थर आणि त्यावरचा चंदेरी मुलामा हे दोन्ही लेबलच्या बाजूला असतात, वर फक्त वार्निशसारखा एक पातळ हात. म्हणजे स्टिकर चिकटतो तो जवळजवळ आपल्या फोटोंनाच. तो काढायला जावं तर मुलामा घेऊन येतो, तसाच ठेवावा तर त्याचा गोंद वर्षानुवर्षं खाली मुरत राहतो. बॉलपेनच्या टोकाचा दाबही तिथंच बसतो. डीव्हीडीत हे थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतात, त्यामुळे वरून ओरखडा आला तरी ती बचावते. पण स्टिकर तिलाही सोसत नाही. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आखडतो आणि डीव्हीडी किंचित वाकते. जोरात फिरताना ही चकती मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेते. स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकलेला असला, तरी अख्खा ड्राइव्ह थरथरायला लागतो. वहिनींच्या एका गिऱ्हाइकानं सीडी गाडीतल्या प्लेयरमध्ये घातली होती. उन्हानं स्टिकरची कड सुटली आणि सीडी आतच अडकली. दुरुस्तीचं बिल वहिनींच्या दारात आलं. ते त्यांनी भरलं, घरात कोणाला न सांगता.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेनं २००३ मध्येच सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची पुस्तिका काढली होती. पाच वर्षांपेक्षा जास्त टिकवायच्या डिस्कला चिकटणारं लेबल लावू नये, असं तिच्यात म्हटलंय. पण ती पुस्तिका आपल्या गावच्या स्टेशनरीच्या दुकानात कुठून येणार! दुकानदार स्टिकरचं पाकीट विकायचा आणि आपण घ्यायचो.

तुम्ही म्हणाल, आता सीडीचं काय घेऊन बसलात? नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. हे खरं आहे. कोऱ्या सीड्या घराघरात नेणारी आपल्याकडची मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ज्या सॉफ्टवेअरवर हजारो स्लाइड शो झाले, त्या प्रोशोची फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीत बंद झाली. सोनीनं लिहिण्याजोग्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. तरीही वहिनींकडे आजही डिस्क मागणारे येतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पेनड्राइव्ह दिला की तीन महिन्यांत घरातलं कोणीतरी पोर त्यातलं लग्न पुसून सिनेमे भरतं. एकदा लिहिलेली डिस्क पुसता येत नाही. काही घरांतल्या आजी-आजोबांना टीव्हीखालचा जुना डीव्हीडी प्लेयरच चालवता येतो. त्यामुळे वहिनी आता दोन्ही देतात, पेनड्राइव्हही आणि डिस्कही. तेव्हा लेबलचा प्रश्न अजून संपलेला नाही.

स्वस्तात आणि नीटनेटकं लेबल कसं करायचं, हे आम्ही दोघींनी मिळून बरंच धुंडाळलं. सगळ्यात चांगला मार्ग आपल्या बाजारपेठेतच निघाला. वर पांढरा, छापण्याजोगा थर असलेल्या डिस्क मिळतात. मागताना ‘प्रिंटेबल’ म्हणून मागायच्या. त्यांच्यावर थेट छापणारा प्रिंटर विकत घ्यायची गरज नाही. तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास प्लास्टिकची ओळखपत्रं छापून देणारी दुकानं असतात ना, त्यांतल्या अनेकांकडे एप्सनचा एल ८०० किंवा एल ८०५ असतो. सहा रंगांच्या टाक्यांचा हा प्रिंटर मुळात डिस्कवरही छापतो. ओळखपत्रासाठी दुकानदारानं त्यात वेगळा ट्रे बसवलेला असतो. डिस्कचा मूळ ट्रे बहुतेक ठिकाणी माळ्यावर खोक्यात पडलेला असतो. आमच्या दुकानदाराला तो शोधायला चार दिवस लागले. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपलं यंत्र सीडी छापतं.

दुकानात जाताना लेबल घरून तयार करून न्यायचं. डिस्क १२ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे ३०० डीपीआयला चित्र साधारण १४१७ पिक्सेल लांब-रुंद हवं. मधल्या भोकाभोवतीचा भाग काही डिस्कवर छापता येतो, काहींवर चार सेंटिमीटरचं वर्तुळ मोकळं सोडावं लागतं. तेव्हा आधी डिस्क विकत घ्या, पट्टी लावून मोजा आणि मग नक्षी काढा. नावं मध्याजवळ नेऊ नका, कडेलाही एक-दोन मिलिमीटर जागा ठेवा. मराठी अक्षरांचा एक जुना घोळ आहे. श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांच्या जागी किडेमकोडे दिसतात. आमच्या ओळखीच्या एका बारशाच्या सीडीवर बाळाचं नाव असंच छापून आलं होतं. म्हणून पीडीएफ किंवा जेपीजी करूनच न्यायचं, आणि आधी साध्या कागदावर एक प्रत काढून घरातल्या एखाद्या चिकित्सक माणसाला वाचायला द्यायची. अशी व्यक्ती प्रत्येक घरात असते, फुकट मिळते.

आधी डिस्क लिहा, ती पूर्ण लावून पाहा, मगच छापायला न्या. छापून आली की रात्रभर उघडी वाळू द्या, लगेच पाकिटात घातली तर शाई पुसते. आणि पुराचा धडा लक्षात ठेवून, मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ टोकाच्या सीडी मार्करनं नंबर आणि तारीख लिहाच. तिथं खाली फोटो नसतात, त्यामुळे धोका नाही. (मध्यंतरी लाइटस्क्राइब नावाचा प्रकार आला होता. सीडी उलटी घालायची आणि लेसरच वर चित्र काढायचा. दिसायला छान, पण एकरंगी, वेळखाऊ आणि उजेडात फिकट होणारं. तोही आता इतिहासजमा झाला.)

छापणं परवडत नसेल तर? महिन्याला दोन-तीनच कामं मिळणाऱ्या मैत्रिणीला माझा सल्ला आहे की डिस्क साधी ठेवा आणि खर्च पाकिटावर करा. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून शंभर जाड कागदी पाकिटं छापून घ्या. आपलं नाव, गाव आणि प्रसंग, तारीख यांच्यासाठी रिकाम्या ओळी. डिस्कवर मार्करनं सुवाच्य अक्षरात तोच मजकूर. फक्त पत्रिकेवाल्याला डिस्कवरच छापायला सांगू नका. त्याची शाई कागदासाठी असते. तो रबरी शिक्का आणि त्याची शाईसुद्धा पाकिटावरच.

हिशेब मात्र कागदावर मांडा. समजा डिस्क ३० रुपयांना पडली, छपाई २०, पाकीट १०. झाले ६०. वाया जाणारी दहातली एक डिस्क धरली तर आणखी ६. दुकानात दोनदा जायचं रिक्षाभाडंही त्यातच. वहिनी वर्षानुवर्षं हा खर्च ‘घरखर्चात’ मिसळायच्या आणि धंद्यात काही उरत नाही म्हणायच्या. उरणार कुठून?

नक्षीबद्दल थोडंसं. तयार नमुन्यांत गुलाब आणि बदाम यांचा सुकाळ असतो. एका घरी वर्षश्राद्धाला दाखवायच्या स्लाइड शोच्या सीडीवर मी गुलाबी बदाम पाहिलेत, पुढं काय बोलावं कळेना. त्यापेक्षा ज्यांचा समारंभ आहे त्यांचाच एखादा चांगला फोटो घ्या, नाहीतर नुसती अक्षरं ठेवा. सिनेमाचं पोस्टर, नटनटी, कंपन्यांची चिन्हं लेबलवर मुळीच नकोत. घरची वस्तू चोरट्या बाजारातल्या सीडीसारखी दिसते. आणि मजकूर कसा असावा ते हॉस्पिटलातून मिळालेल्या एमआरआयच्या सीडीवर पाहा. नाव, वय, तारीख, कशाची तपासणी, कुठे केली. ‘गोड आठवणी’ असं लिहून वीस वर्षांनी कोणाला काय कळणार? कोणाच्या आठवणी, कधीच्या, आत किती फोटो, हे हवं.

आता कळीचा मुद्दा. वहिनींच्या जुन्या लेबलवर खाली बारीक अक्षरांत एक स्टुडिओचं नाव असायचं. तो स्टुडिओ दिरांचा. त्या स्टुडिओत वहिनी कधी कामाला नव्हत्या, दिरांनी कधी एकही स्लाइड शो केला नव्हता. पण ‘बाईचं नाव आणि फोन नंबर गावभर कशाला?’ असं घरात ठरलं आणि त्यांनीही मान्य केलं. २०१२ मध्ये स्टुडिओ बंद झाला, लेबलवरचा लँडलाइन नंबरही गेला. त्या दिवसानंतर ज्यांना दुसरी प्रत हवी होती, ज्यांना बहिणीचं काम द्यायचं होतं, ते कोणाला शोधणार? पाच-सहा वर्षांत वहिनींनी दोनशेच्या वर सीड्या केल्या. त्यांपैकी एकीवरही त्यांचं नाव नाही. काकूंच्या घरी चिखलात बसून सीड्या पुसताना काकूंनी विचारलं नसतं, तर ती सीडी यांची हे मलाही कळलं नसतं, आणि मी त्यांना पंधरा वर्षं ओळखत होते.

फोन नंबराबद्दलची भीती अगदी खोटी नाही. नको त्या वेळी नको ते फोन येतात, हे आपल्यापैकी अनेकींनी सोसलंय. त्यावर धंद्यासाठी वेगळं सिम हा उपाय आहे, रात्री आठला बंद करून टाकायचं. पण त्या भीतीपोटी नावच खोडायचं हे मला मान्य नाही. पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव छापायला आपण बँकेच्या साहेबांशी भांडतो आणि दोन रात्री जागून केलेल्या कामावर दिराचं नाव चालवून घेतो. घरच्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच विचारते, बिल भरायची वेळ आली तेव्हा ते कोणाच्या दारात आलं होतं?

काकूंच्या सीडीचं राहिलंच. वहिनींना एक चांगली सवय होती. प्रत्येक कामाची एक प्रत स्वतःकडे ठेवायची, वर लेबल नाही, फक्त मार्करनं नंबर. नंबरापुढे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख एका दोनशे पानी वहीत. सीड्या आणि वही दोन्ही माळ्यावर असल्यानं पाण्यातून वाचल्या. ४१ नंबर काकूंचा निघाला. बारा वर्षांची सीडी, आम्ही श्वास रोखूनच लावली. शेवटचे दहा-बारा फोटो अडखळले, त्यांतले चार काही केल्या उघडले नाहीत. बाकीचे आले. काका सदऱ्याच्या बाह्या सारून पंगतीत जिलबी वाढतायत, तो फोटो काकूंनी तीनदा मागं न्यायला लावला.

त्या प्रतीवरून वहिनींनी दोन नव्या डिस्क केल्या. एक काकूंना, एक पुण्याच्या लेकीला. पैसे घेतले नाहीत, काकूंनी बळंबळं नारळ दिला. लेबल यावेळी प्रिंटेबल डिस्कवर, त्या ओळखपत्रवाल्याकडून. खाली नाव टाकायची वेळ आली तेव्हा घरात पुन्हा चर्चा झाली, आडनाव सासरचं की माहेरचं. वहिनींनी दोन्ही गाळली. नुसतं स्वतःचं नाव आणि पुढं ‘सांगली’ एवढंच छापलं, आणि मधल्या कड्यावर मार्करनं ४१.